पुनर्वसनाचे नवे साधन आणि जुना प्रश्न



रोग्याचा जीव वाचला की रुग्णालयाचे काम संपले, अशी आपल्या समाजाची सर्वसाधारण समजूत आहे. अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस शुद्धीवर येतो, पोटात अन्न जाऊ लागते, डॉक्टर घरी जाण्याची परवानगी देतात आणि नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु त्या माणसाची खरी लढाई त्या दिवसापासून सुरू होते. उजवा हात लुळा पडलेला असतो. सदऱ्याचे बटण लावता येत नाही, भाकरीचा तुकडा मोडता येत नाही, उंबरठा ओलांडताना भिंतीचा आधार लागतो. तो माणूस हमाल असेल, गवंडी असेल, यंत्रमागावर काम करणारा असेल, तर हाताबरोबर त्याची रोजीही गेलेली असते. आणि ती शेतमजूर स्त्री असेल तर घरातली चूलही अडलेली असते.

हा हात पुन्हा कामाला लावण्याची विद्या आज अस्तित्वात आहे. मेंदूच्या एका भागाला इजा झाली तरी उरलेला भाग काही प्रमाणात ते काम नव्याने शिकू शकतो. मात्र हे शिकणे औषधाच्या गोळीने होत नाही. ते सरावाने होते. पेला उचलणे, ठेवणे, पुन्हा उचलणे अशी एकच हालचाल शेकडो वेळा, दिवसामागून दिवस करावी लागते. ती करवून घेणारे फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट हे या लढाईतले खरे सोबती होत. शस्त्रक्रिया करणाऱ्याला समाजात जी प्रतिष्ठा मिळते ती यांच्या वाट्याला येत नाही, आणि त्यांची संख्याही गरजेच्या मानाने फार तोकडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सहभाग असलेला एक अभ्यास डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पुनर्वसनाच्या उपचारांचा उपयोग होईल असे सुमारे २४० कोटी लोक २०१९ साली जगात होते. अनेक गरीब देशांत दर दहा लाख लोकसंख्येमागे असे प्रशिक्षित तज्ज्ञ दहाही नाहीत.

या क्षेत्रात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक नवे साधन शिरले आहे. त्याला ‘आभासी वास्तव’ असे नाव पडले आहे. रोग्याच्या डोळ्यांवर जाड चष्म्यासारखे एक उपकरण बसवितात. त्यातील पडद्यावर दोन्ही डोळ्यांना किंचित निरनिराळी चित्रे दिसतात आणि मान वळवावी तसे दृश्यही वळते. त्यामुळे आपण खरोखरच एखाद्या बागेत, रस्त्यावर अथवा स्वयंपाकघरात उभे आहोत असे मेंदू मानू लागतो. पक्षकार्यकर्त्यांनी या विषयात का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की, नवे यंत्र एखाद्या व्यवसायात येते तेव्हा ते कोणाच्या मालकीचे, कोणाच्या सोयीचे आणि कोणाच्या हाताला पर्याय म्हणून आणले जात आहे, हे प्रश्न त्याच्याबरोबर येतातच. गिरणीत आले तसे ते उपचारशाळेतही येतात.

साधन आले कोठून

१९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या शास्त्रज्ञाने डोक्यावर बसविण्याचे असे पहिले उपकरण तयार केले. ते इतके अवजड होते की छताला टांगून ठेवावे लागे. पुढील दोन दशके हे संशोधन मुख्यतः प्रयोगशाळांत आणि लष्करी विमानचालकांच्या शिक्षणात राहिले. उपचाराच्या क्षेत्रात त्याने पाऊल टाकले ते गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात. १९९५ साली बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीची भीती असलेल्या लोकांवर या साधनाने केलेल्या उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिॲटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रोग्यांसाठी बर्फाच्या दरीचे एक दृश्य रचले. जखमा धुताना आणि पट्ट्या बदलताना होणाऱ्या वेदना अशा असतात की तीव्र औषधेही पुरी पडत नाहीत. त्या वेळी रोगी त्या बर्फाळ दरीत शिरून हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकू लागला की त्याचे लक्ष जखमेवरून हटते आणि वेदना कमी जाणवते, असे आढळले. मेंदूच्या चित्रणातही वेदनेशी संबंधित भागांची हालचाल कमी झालेली दिसली.

या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात अमेरिकन लष्कराच्या पैशाने १९९९ साली स्थापन झालेल्या एका संस्थेने सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी युद्धाचा एक खेळ घडविला. इराकच्या युद्धातून मनाने उद्ध्वस्त होऊन परतलेल्या सैनिकांवर उपचार करण्यासाठी त्याच खेळातील दृश्ये पुढे त्याच संस्थेत वापरली गेली. लढायला शिकविणारे चित्र आणि लढाईचा घाव भरून काढणारे चित्र, दोन्ही एकाच खजिन्यातून निघाले. उपचार करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सैनिकांना त्यांचा उपयोगही झाला. परंतु विज्ञानावरील खर्च कोणत्या दाराने येतो आणि त्यातील किती भाग दुखणाइतापर्यंत पोहोचतो, हे यावरून समजते.

सामान्य उपचारकाच्या हाती हे तंत्र आले ते मात्र खेळण्यांच्या दुकानातून. २००६ साली निंटेंडो कंपनीचा ‘वी’ हा खेळ बाजारात आला. त्यात हातातील दांडी हलविली की पडद्यावरचा खेळाडू चेंडू टोलवी. २०१० साली मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ आणला. त्यात हातात काहीही न धरता सर्व शरीराची हालचाल टिपली जाई. मुलांसाठी बनविलेली ही साधने पाहून अनेक देशांतील उपचारकांनी ओळखले की, रोग्याला कंटाळा न येता हात हलवायला लावण्याचा हा मार्ग आहे. कोणा कंपनीने सुचविण्याआधीच त्यांनी ती आपल्या खोलीत आणून ठेवली. डोळ्यांवरची स्वस्त उपकरणे त्यानंतर आली.

पुरावा काय सांगतो

उपचारकांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. कंटाळा हा सरावाचा मोठा शत्रू. खेळाच्या नादात रोगी वीस वेळांऐवजी दोनशे वेळा हात उचलतो. रहदारीचा रस्ता ओलांडण्याचा सराव जिवाला धोका न होता खोलीतच करता येतो. हात किती अंश वर गेला याची नोंद यंत्र ठेवते, त्यामुळे मागच्या आठवड्यापेक्षा झालेली बोटभर प्रगतीही रोग्याला दिसते. ज्याने आशा सोडली आहे त्याच्या दृष्टीने ही बोटभर प्रगती फार मोलाची असते.

परंतु आकर्षण म्हणजे पुरावा नव्हे. अर्धांगवायूनंतरच्या उपचारांत या तंत्राचा उपयोग किती, याचा कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये आढावा घेतला. त्यात ७२ चाचण्या आणि २४७० रोगी होते. निष्कर्ष असा निघाला की, नेहमीच्या उपचाराच्या जागी हे तंत्र वापरले तर हाताच्या कार्यात विशेष फरक पडत नाही; नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून वापरून एकूण सरावाचा वेळ वाढविला तर लाभ होतो. २०२५ मध्ये या आढाव्याची नवी आवृत्ती निघाली. तोपर्यंत चाचण्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली होती. इतर उपचारांच्या तुलनेत हाताच्या कार्यात थोडी अधिक सुधारणा होते, असे तिच्यात दिसले. हा लाभ खरा आहे आणि तो थोडा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

२०१६ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी या संदर्भात फार उद्बोधक आहे. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या चार देशांतील १४ केंद्रांत १४१ रोग्यांचे दोन गट करण्यात आले. नेहमीच्या उपचारांखेरीज एका गटाने पडद्यासमोर ‘वी’चा खेळ खेळायचा, आणि दुसऱ्याने पत्ते, लाकडी ठोकळे, चेंडू असे साधे खेळ खेळायचे. दोघांनाही दोन आठवड्यांत एकेक तासाच्या दहा बैठका मिळाल्या. दोन्ही गटांतील रोग्यांचे हात सुधारले आणि दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हा खेळ डोळ्यांवर उपकरण चढवून खेळण्याचा नव्हता, हे खरे. तरीही पत्त्यांच्या कॅटने यंत्राची बरोबरी केली, ही गोष्ट गरीब देशांनी नीट समजून घेण्याजोगी आहे. रोग्याच्या वाट्याला आलेला वेळ, त्याच्या शेजारी बसलेला जाणता माणूस आणि अर्थपूर्ण काम या तीन गोष्टी दोन्ही गटांत समान होत्या. सुधारणा घडविली ती प्रामुख्याने या तीन गोष्टींनी, असे मानावयास जागा आहे.

भासाचा उपचारासाठी उपयोग करण्याची कल्पनाही केवळ महागड्या यंत्राची नाही. हात अथवा पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या अवयवात वेदना होतात. मूळचे तमिळनाडूचे आणि अमेरिकेत काम करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यासाठी एक खोके आणि एक आरसा वापरला. शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसू लागे, मेंदूला तो हात हलताना दिसे आणि काही रोग्यांची वेदना ओसरे. आभासी वास्तवाच्या अनेक कार्यक्रमांनी पुढे हीच युक्ती उचलली.

यंत्राला न दिसणारी गोष्ट

अनेक उपचारक या साधनाकडे संशयाने पाहतात, तेव्हा त्यांना जुनाट म्हणून हिणविण्याची पद्धत आहे. त्यांची कारणे ऐकली तर ती जुनाट वाटत नाहीत. एक हात लुळा असलेल्या रोग्याला ते उपकरण स्वतः चढविता येत नाही. म्हणजे उपचारकाचा वेळ वाचत नाही, कित्येकदा वाढतो. काहींना भोवळ येते, मळमळते. रोगी पडू नये म्हणून कोणीतरी शेजारी उभे राहावेच लागते. एका रोग्याच्या घामाने भिजलेले उपकरण दुसऱ्याला देण्यापूर्वी ते स्वच्छ करावे लागते. बिघाड झाला तर दुरुस्तीला माणूस नाही, आणि प्रशिक्षण तर बहुधा विक्रेत्याच्या एका दुपारच्या भेटीपुरतेच मिळते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. लुळ्या हाताचा रोगी पेल्यापर्यंत हात नेताना खांदा उचलतो, कंबर पुढे झुकवितो. दुबळ्या स्नायूचे काम दुसऱ्या स्नायूकडून करून घेतो. चेंडूला हात लागला की खेळातील यंत्र गुण देऊन मोकळे होते. उपचारक मात्र पाठीवर हात ठेवून रोग्याला थांबवितो आणि तीच हालचाल नीट करावयास लावतो, कारण आजची ही पळवाट उद्या सवय होऊन हाताची वाढ खुंटविते, हे त्याला ठाऊक असते. अधिक सूक्ष्म यंत्रे आता कंबरेची हालचालही टिपू लागली आहेत. परंतु हा रोगी आज का रुसला आहे, घरी सुनेशी खटका उडाला आहे काय, कामावरून कमी केल्याची चिठ्ठी आली आहे काय, हे ओळखून त्या दिवसाचा सराव बदलणे अजून माणसाकडेच आहे.

बाजाराचे आयुष्य, रोग्याचे आयुष्य

‘किनेक्ट’भोवती उपचारकांनी आणि संशोधकांनी कितीतरी कार्यक्रम रचले, त्यावर प्रबंध लिहिले, रोग्यांना त्याची सवय लावली. खेळाच्या बाजारात त्याचा खप ओसरला तेव्हा २०१७ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन बंद केले. त्याच नावाचे दुसरे साधन पुढे व्यावसायिकांसाठी काढले, तेही २०२३ मध्ये थांबविले. गूगलने २०१४ साली पुठ्ठ्याचा एक अतिशय स्वस्त आभासी चष्मा आणला आणि २०२१ मध्ये त्याची विक्री बंद केली. या कंपन्यांनी कोणताही कायदा मोडला नाही. बाजाराच्या हिशेबाप्रमाणे त्या वागल्या. परंतु अर्धांगवायूचा रोगी वर्षानुवर्षे सराव करीत असतो आणि खेळण्याचे आयुष्य पाच-सात वर्षांचे असते. बाजाराच्या नाडीवर उपचाराची घडी बसविली की असेच व्हायचे.

दुसरा प्रश्न माहितीच्या मालकीचा आहे. २०१४ साली फेसबुकने डोळ्यांवरची उपकरणे बनविणारी ऑक्युलस ही कंपनी सुमारे दोनशे कोटी डॉलरना विकत घेतली. २०२० मध्ये नवे उपकरण घेणाऱ्यास फेसबुकचे खाते उघडणे सक्तीचे करण्यात आले. बरीच टीका झाल्यावर २०२२ मध्ये ही अट काढून तिच्या जागी कंपनीचेच दुसरे खाते आले. उपकरण केवळ चित्र दाखवीत नाही. डोके आणि हात कसे हलतात याची ते अखंड नोंद घेते. २०२० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, पाच मिनिटांहूनही कमी वेळाच्या अशा नोंदीवरून ५११ जणांमधून नेमकी व्यक्ती सुमारे ९५ टक्के अचूकतेने ओळखता येते. रोग्याचा हात किती थरथरतो, तोल किती जातो ही माहिती विमा कंपनीच्या अथवा मालकाच्या हाती पडली तर तिचा उपयोग कसा होईल, हे कामगार चळवळीत वावरलेल्या माणसास समजावून सांगावयास नको. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचा आधार घेऊन उपचारशाळांतील नोंदींसाठी स्पष्ट नियम करवून घेणे हे काम पुढचे आहे.

तिसरा प्रश्न उपचारकाच्या जागेचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठी घरी एकट्याने वापरावयाच्या एका आभासी कार्यक्रमास परवानगी दिली. दूरवर राहणाऱ्या रोग्यास त्याचा उपयोग होईल, यात संशय नाही. परंतु घरी यंत्र पाठविता येते असे दिसल्यावर रुग्णालयातील उपचारकाची रिकामी जागा भरण्याची गरज काय, असा विचार खर्चाची काटछाट करणाऱ्या शासनाच्या आणि मालकाच्या डोक्यात येणे अटळ आहे.

आपला वारसा

या बाबतीत आपण रिकाम्या हाताचे नाही. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू झाली, ती कमलाबाई निंबकर यांच्या प्रयत्नाने. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या या बाईंनी अपंगांचे पुनर्वसन हे आपले जीवनकार्य मानले. ती शाळा महानगरपालिकेच्या, म्हणजे लोकांच्या पैशाने चालणाऱ्या रुग्णालयात उभी राहिली, ही गोष्ट विसरता कामा नये. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सरकारी रुग्णालयात रामचंद्र शर्मा हा कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून एक कृत्रिम पाय तयार केला. परदेशी पायाला बूट लागे, मांडी घालून बसता येत नसे. या पायाने अनवाणी चालता येई, चिखलात काम करता येई, उकिडवे बसता येई. कारागिराची बोटे आणि डॉक्टरचे शास्त्र एकत्र आले, रोग्याचे जीवन कसे आहे हे आधी पाहिले गेले आणि पेटंटच्या कुंपणात तो पाय कोंडला गेला नाही. म्हणून तो लाखो लोकांपर्यंत पोहोचला.

पण वारशाचे समाधान पुरेसे नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होत्या. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सरकार आणि स्थानिक संस्थांवर पुनर्वसनाची जबाबदारी टाकली. पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ ही पळवाटही त्याच कलमात ठेवली. प्रशिक्षित माणसे नाहीत तर घरच्यांनाच व्यायाम शिकवावेत, असाही एक मार्ग सुचविला जातो. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रोग्यांवर त्याची पद्धतशीर चाचणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार सहा महिन्यांनंतर अशा रोग्यांच्या स्थितीत इतर रोग्यांपेक्षा फरक नव्हता. घरच्यांच्या मायेचे मोल मोठे आहे; पण प्रशिक्षित उपचारकाचा भार घरच्या स्त्रीच्या खांद्यावर टाकून पुनर्वसनाचा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. केवळ यंत्र घरी पाठवून तो सुटेल असे मानणाऱ्यांनी हा अनुभव समोर ठेवावा.

मागणी कोणती

यंत्र आले म्हणून हाकाटी करणे हा एक चुकीचा मार्ग, आणि यंत्र आले की दैन्य जाईल असे समजणे हा दुसरा. भाजलेल्या मुलाची वेदना जे साधन कमी करते ते श्रीमंतांच्याच रुग्णालयात राहावे, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे.

पहिली मागणी माणसांची. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्या पुरेशा जागा निर्माण व्हाव्यात आणि त्या कायम स्वरूपात भरल्या जाव्यात. साधनाची खरेदी त्यानंतर. साधनाच्या विक्रेत्याशी पहिले बोलणे उपचारक आणि रोगी यांच्या प्रतिनिधींनी करावे. खरेदी खात्याने एकट्याने करू नये. सार्वजनिक पैशातून तयार होणारे कार्यक्रम सार्वजनिक मालकीचे असावेत आणि त्यांची रचना सर्वांना खुली असावी, म्हणजे एखाद्या कंपनीने दुकान बंद केले तरी रोग्याचा सराव बंद पडणार नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांनी आणि उपचारकांनी एकत्र बसून ते घडवावेत. आज या कार्यक्रमांत परदेशी दुकाने आणि बर्फाचे डोंगर दिसतात. सोलापूरच्या विडी कामगार बाईला एस.टी.ची पायरी चढायची आहे, हंडा उचलायचा आहे, पिठाचा गोळा मळायचा आहे. तिच्या सरावात हीच कामे आणि तिचीच भाषा असली पाहिजे. रोग्याच्या हालचालीची नोंद रोग्याची आहे. त्याच्या लेखी संमतीवाचून ती रुग्णालयाबाहेर जाता कामा नये. आणि जेथे यंत्र नाही तेथे उपचार अडता कामा नयेत. पत्त्यांच्या कॅटनेही हात सुधारतो, हे चार देशांतील रोग्यांनी दाखवून दिले आहे.

कार्यकर्त्यांना यासाठी मोठ्या परिषदेची वाट पाहावी लागत नाही. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जावे. उपचारकाची जागा मंजूर आहे काय, भरलेली आहे काय, व्यायामाच्या खोलीला कुलूप आहे काय, हे पाहावे. गेल्या वर्षभरात अर्धांगवायू होऊन गावी परतलेल्या दहा माणसांच्या घरी जाऊन त्यांना किती दिवस उपचार मिळाले हे विचारावे, लिहून घ्यावे आणि तो कागद जिल्हा परिषदेच्या सभेत वाचून दाखवावा. नव्या साधनाविषयीची चर्चा त्या कागदापासून सुरू झाली तर ती योग्य मार्गाने जाईल. ज्याचा हात लुळा पडला आहे त्याला आभासी जगात फिरून यावयाचे असते ते याच जगात परत कामाला लागण्यासाठी. तेथे त्याच्यासाठी काम, मजुरी आणि मान शिल्लक ठेवण्याची जबाबदारी कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. ती समाजाची आहे.